गाव उठले म्हणजे नेमके काय झाले? : वाचकांचे प्रश्न

मागील अंकात खानदेशातील जुन्या बारवांवर लेख प्रसिद्ध झाला. त्यानंतर आलेली बरीच पत्रे बारवांविषयी नव्हतीच. बारव उरली आणि वस्ती गेली, अशा डोंगरी गावांविषयी होती. म्हणून या वेळचे सदर त्याच पत्रांना दिले आहे. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची आणि त्यांच्या गावांची नावे त्यांच्याच इच्छेनुसार गाळली आहेत.

प्रश्न : आमचे घराणे चाळीसगाव तालुक्यातील, सातमाळ्याच्या डोंगराला टेकलेल्या एका लहानशा गावचे. आजोबा लहान असताना घरातील सर्वांनी ते गाव सोडले आणि सगळे खाली गिरणाकाठी आले. आज तेथे मारुतीचे देऊळ, एक बुजलेली विहीर आणि घरांचे चौथरे एवढेच आहे. आजी सांगत असे की, गावाने एका गोसाव्याला पाणी नाकारले, त्याने शाप दिला आणि एका रात्रीत ‘गाव उठी गयं’. तलाठ्याकडील कागदात मात्र गावाच्या नावापुढे ‘बेचिराख’ असा शेरा आहे. गाव कोणी जाळले होते काय? खरे कारण कसे शोधावे? (एक वाचक, पाचोरा)

उत्तर : जाळपोळीची शंका आधी दूर करतो. महसुली दप्तरात वस्ती नसलेल्या प्रत्येक गावाला ‘बेचिराख’ हाच शेरा मिळतो, मग ते लुटले गेलेले असो, साथीत रिकामे झालेले असो किंवा एकेक घर करून खाली उतरलेले असो. वस्ती गेली तरी गावाची शीव, गट क्रमांक आणि आकारणी कायम राहते, त्यामुळे सरकारच्या लेखी मौजे जिवंतच असते आणि जनगणनेच्या यादीतही त्याचे नाव शून्य लोकसंख्येसह छापले जाते. तेव्हा त्या शेऱ्यावरून कारण कळणार नाही.

शापाची कथा आपल्याच गावाची आहे असे मानू नये. गोसाव्याला पाणी किंवा भिक्षा नाकारल्याची आणि त्याच्या शापाने गाव ओस पडल्याची कथा महाराष्ट्रात अनेक उजाड गावांच्या नावावर सांगितली जाते. तरीही ती टाकून देण्यासारखी नाही. अशा कथेत नाकारलेली वस्तू कोणती आहे ते पाहावे. आपल्या आजींच्या कथेत ती पाणी आहे आणि आपण स्वतः बुजलेल्या विहिरीचा उल्लेख केला आहे. सातमाळ्याचा काळा खडक पावसाचे पाणी फारसे धरून ठेवत नाही. उतारावरच्या गावाची सारी भिस्त एखाद्या झऱ्यावर किंवा उथळ विहिरीवर असते, आणि लागोपाठ दोन-तीन वर्षे पाऊस कमी झाला की बायकांना पाण्यासाठी दरीत उतरावे लागते. ज्या गावाला स्वतःला पुरेल एवढे पाणी नव्हते, त्या गावाच्या आठवणीत ‘पाणी नाकारले’ हे वाक्य उरणे स्वाभाविक आहे. हा पुरावा नव्हे, परंतु शोध कोठून सुरू करावा याची ही चांगली खूण आहे.

‘एका रात्रीत’ या शब्दांवर मात्र विश्वास ठेवू नये. डोंगरी गाव बहुधा पंचवीस-तीस वर्षे रिकामे होत असते. आधी बलुतेदार जातात, कारण शेतकऱ्यांची घरे कमी झाली की लोहाराच्या आणि न्हाव्याच्या वाट्याचे धान्य कमी पडते. मग नांगराचा फाळ शेवटण्यासाठी, म्हणजे धार लावून घेण्यासाठीही, खालच्या गावी जावे लागते. त्यानंतर सोयरीक आटते. ज्या गावात डोक्यावरून पाणी वाहावे लागते आणि बाळंतिणीला झोळीत घालून खाली न्यावे लागते, तेथे मुलगी द्यायला कोणी तयार होत नाही. शेवटी भाऊबंदांची चार-सहा घरे उरतात आणि ती एकमेकांच्या आधाराने राहिलेली असल्यामुळे एकत्रच निघतात. लोकांच्या स्मरणात राहते ते हे शेवटचे निघणे, आणि पुढच्या पिढीला तीच ती रात्र वाटते.

आता कागदपत्रांविषयी. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून गावाचा नकाशा आणि आकारबंदाची, म्हणजे जमिनींचे क्षेत्र आणि आकारणी दाखवणाऱ्या नोंदवहीची, नक्कल घ्यावी. गावठाणाची हद्द, पाणवठा, शेजारच्या गावांकडे जाणारे रस्ते आणि लागवडीची जमीन किती होती, हे त्यांवरून कळेल. जमीन भरपूर आणि चांगली असूनही गाव उठले असेल, तर कारण रोगराईत किंवा दंगाधोप्यात शोधावे. जमीन मुळातच हलकी आणि थोडी असेल, तर लोक पोटासाठी खाली गेले असण्याचा संभव अधिक. त्यानंतर जनगणनेच्या जिल्हा पुस्तिका क्रमाने पाहाव्यात. दर दहा वर्षांनी घरे आणि माणसे किती होती हे एका कागदावर मांडले की घसरण सावकाश झाली की एका दशकातच झाली, हे आपल्याला कोणी सांगावे लागणार नाही. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुक असते. जन्म-मृत्यूच्या त्या जुन्या नोंदींत मृत्यूचे कारणही लिहिलेले आढळते, आणि एकाच महिन्यात पटकीच्या किंवा प्लेगच्या नोंदी ओळीने दिसल्या तर उत्तर तेथेच मिळते. जुनी पाने मोडीत असतात, म्हणून मोडी वाचणारा माणूस बरोबर असावा. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात जुन्या कागदपत्रांचा मोठा संग्रह आहे आणि पेशवेकाळापर्यंत मागे जायचे असेल तर पुण्याच्या पुराभिलेखागाराला पर्याय नाही. १८८० साली प्रसिद्ध झालेला मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा खानदेश खंड तर प्रत्येकाने चाळावा, कारण त्यात ओस पडलेल्या ठिकाणांचीही दखल घेतलेली आहे.

सरकारी नसलेले एक साधन बहुतेकांच्या लक्षात येत नाही. नाशिक आणि त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूचे नाव, वडील-आजोबांची नावे आणि गाव लिहून घेण्याची पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. आपल्या घराण्याच्या नोंदीत मूळ गावाचे नाव कोणत्या सालापर्यंत येते आणि कोणत्या सालापासून गिरणाकाठच्या गावाचे नाव सुरू होते, हे तेथे दिसले तर स्थलांतराचे साल जवळपास हाती येईल.

आणि खानदेशातील कानबाई या कुलदेवीच्या रोटांना, म्हणजे उत्सवाला, सारे भाऊबंद जमतील, तेव्हा वही घेऊन बसावे. सुरत, पुणे, नाशिक अशा सर्व दिशांना पांगलेले एका कुळाचे लोक श्रावणात एका ठिकाणी येतात, अशी संधी वर्षातून एकदाच मिळते. प्रत्येक म्हाताऱ्याला वेगवेगळे विचारावे. सर्वांसमक्ष विचारल्यास सर्वांत मोठ्या आवाजाच्या माणसाची हकीकतच इतिहास ठरते.

प्रश्न : आम्ही नवरात्रात पाटणादेवीला जातो. डोंगराच्या पोटात एवढे सुंदर महादेवाचे मंदिर आहे, लेणी आहेत, पण गाव म्हणावे असे काही दिसत नाही. जंगलात एवढी मंदिरे कोणी आणि कोणासाठी बांधली? (एक वाचक, चाळीसगाव)

उत्तर : जंगलात ती बांधलेली नाहीत, गावात बांधली होती. चाळीसगावच्या नैर्ऋत्येस डोंगराच्या पायथ्याशी पाटण हे नांदते गाव होते. देवगिरीच्या यादवांचे मांडलिक असलेल्या निकुंभ घराण्याची सत्ता या भागात होती आणि महादेवाच्या मंदिरातील शके १०७५ चा, म्हणजे इसवी सन ११५३ च्या सुमाराचा शिलालेख त्याच घराण्याचा आहे. दुसरा, अधिक प्रसिद्ध शिलालेख शके ११२८ चा आहे. ज्योतिर्गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ‘सिद्धांतशिरोमणी’ आणि अन्य ग्रंथांच्या अध्ययनासाठी येथे मठ स्थापन केला आणि निकुंभ राजा सोइदेव याने त्याला उत्पन्न लावून दिले, असे तो सांगतो. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो १८६५ साली प्रकाशात आणला.

विद्वानांनी या लेखातील भास्कराचार्यांच्या वंशावळीची चर्चा पुष्कळ केली, आणि ते योग्यच आहे. परंतु आपल्या प्रश्नाचे उत्तर लेखाच्या शेवटच्या, जुन्या मराठीतील ओळींत आहे. या पाटणात विक्रीसाठी जो माल उघडला जाईल, त्याच्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा कर मठाला दिला आहे आणि जितके घाणे चालतील तितक्यांकडून पळी पळी तेल मठाला द्यायचे आहे, असा त्यांचा आशय आहे. म्हणजे येथे मालाचा बाजार भरत होता, कर देणारे गिऱ्हाईक होते, एकाहून अधिक तेली होते, आणि तेल्यांना पुरेल एवढे तीळ किंवा करडई पिकवणारे शेतकरी आसपास होते. एका गणितशाळेचा दिवा गावच्या घाण्यावरच्या तेलाने जळत होता. मंदिराच्या कोरीव खांबांपेक्षा गावाची कल्पना या पळीभर तेलावरून अधिक येते, असे आम्हाला वाटते.

गाव येथेच का वसले, याचे उत्तर मागच्या डोंगरात आहे. पाटणादेवीच्या वरच्या अंगाला, आता कन्नड तालुक्यात येणारी, पितळखोऱ्याची लेणी इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकांतील आहेत आणि तेथील दात्यांत पैठणचा एक गंधिक, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे. पैठणच्या बाजूचा घाटमाथा आणि तापीचे खोरे यांच्यामधील वाट येथून उतरत असल्यामुळे घाटाच्या तोंडाशी गाव वसले, बाजार भरला आणि मंदिरे उभी राहिली. घाटवाटेवर पोसलेल्या गावाचे बरेवाईट त्या वाटेवरच अवलंबून असते. १३१८ साली यादवांचे राज्य कायमचे संपले. पुढे फारुकी सुलतानांच्या काळात खानदेशच्या सत्तेची ठाणी थाळनेर आणि बऱ्हाणपूर येथे, म्हणजे तापीकाठी गेली. शिलालेख प्रकाशात आला तेव्हा पाटणला इतिहास होता, लोक नव्हते. सध्या हा परिसर १९८६ साली घोषित झालेल्या गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात आहे, त्यामुळे तेथे पुन्हा वस्ती होण्याचा प्रश्न उरलेला नाही. नवरात्रात आपण जी गर्दी पाहता, तीच आता या गावाची लोकसंख्या.

प्रश्न : मी शाळेत इतिहास शिकवते. खानदेशच्या डोंगरपट्ट्यात उजाड गावांच्या खुणा एवढ्या का आढळतात? सर्व गावे एकाच काळात ओस पडली काय? विद्यार्थी ‘इंग्रजांनी उजाड केली’ असे सरसकट उत्तर देतात. (एक शिक्षिका, धुळे)

उत्तर : विद्यार्थ्यांचे उत्तर निम्म्याहून अधिक चुकीचे आहे, कारण सर्वांत मोठी पडझड इंग्रज येण्याच्या आधीची आहे. १६३० ते १६३२ या काळातील भीषण दुष्काळात गुजरात आणि दख्खनबरोबर खानदेशही होरपळला. त्यानंतर प्रदेश सावरला, परंतु अठराव्या शतकाच्या अखेरीस शिंदे-होळकरांच्या वैरात तो पुन्हा सापडला. १८०२ साली यशवंतराव होळकरांच्या फौजा खानदेशातून गेल्या, त्यांच्या पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ आला, आणि नंतर पेंढारी, नोकरीतून सुटलेले अरब शिपाई आणि डोंगरातील भिल्ल नाईक यांच्या धामधुमीत पंधरा वर्षे गेली. १८१८ साली जॉन ब्रिग्ज याने कारभार हाती घेतला तेव्हा डोंगरपायथ्याची असंख्य गावे रिकामी होती आणि शेतात झाडी वाढलेली होती.

भिल्लांना नुसते लुटारू ठरवून थांबू नये, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे. घाटाची आणि गावाची राखण करणे हे भिल्ल नाईकांचे परंपरागत काम होते आणि त्याबद्दल त्यांना हक्क मिळत असत. गाव उठले की राखणदाराचा हक्क बुडतो, हक्क बुडाला की राखणदार घेतल्याशिवाय राहत नाही, आणि त्याच्या भीतीने शेजारचे गाव उठते. हे चक्र दोन्ही बाजूंनी ओळखले पाहिजे. ते केवळ बंदुकीने थांबणारे नव्हते, हे इंग्रजांनाही काही वर्षांत उमगले. १८२५ पासून भिल्ल एजन्सी, भिल्लांचीच पलटण, शेतीसाठी जमीन आणि बैल-बियाण्यांसाठी तगाई, म्हणजे सरकारी कर्ज, असे धोरण आले. पलटण उभी करणाऱ्या जेम्स औट्रमचे ठाणे धरणगावला होते आणि कन्नडचा औट्रम घाट त्याच्याच नावाचा आहे.

उजाड गाव पुन्हा वसवणे हा मात्र इंग्रजांचा शोध नव्हे. इस्ताव्याचा कौल देऊन, म्हणजे पहिल्या वर्षी नाममात्र सारा घेऊन तो दरवर्षी थोडा थोडा वाढवत नेऊन, कुणबी बोलावण्याची रीत मराठी राज्यात रूढ होती आणि तीच पुढे चालली. गाव उठणे आणि गाव वसणे या दोन्ही गोष्टी त्या काळातील माणसांच्या परिचयाच्या होत्या. आपण ज्याला कायमचा अंत समजतो, त्याला ते अनेकदा दीर्घ मध्यंतर समजत.

मग एकोणिसाव्या शतकात शांतता आल्यावर डोंगरातील जुनी गावे का भरली नाहीत? येथे इंग्रजी राजवटीचा वाटा खरा सुरू होतो, परंतु तो लुटीसारखा ढोबळ नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला, त्याच दशकात चाळीसगाव-भुसावळमार्गे रेल्वे धावू लागली आणि १९०० साली तापी खोऱ्यातून सुरत-अमळनेर मार्ग सुरू झाला. तापीकाठच्या काळ्या जमिनीवर हात आणि बैल कमी पडू लागले. डोंगरातील हलक्या रानात नागली पिकवणाऱ्या कुणब्याला खाली सालदारीसुद्धा अधिक भरवशाची वाटू लागली. दुसरीकडे १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगले आखली गेली, जंगल तोडून-जाळून होणाऱ्या फिरत्या शेतीवर बंधने आली आणि चराईला पास लागू लागला. जुनी पांढर, म्हणजे गावठाणाची जागा, एकदा राखीव जंगलाच्या हद्दीत गेली की कौल देऊन ती वसवण्याचा प्रश्नच मिटला.

पुढील घाव लवकर लवकर बसले. १८९९-१९०० चा छप्पन्नचा (विक्रम संवत १९५६ चा) दुष्काळ, १८९६ नंतर वर्षानुवर्षे परत येणारा प्लेग आणि १९१८ ची मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ. प्लेगात गाव सोडून माळावर झोपड्या घालण्याची रीत होती. मोठी गावे साथ ओसरल्यावर घरी परतली, दहा-बारा घरांच्या वाड्यांतील काही परतल्याच नाहीत. डोंगरपायथ्याच्या हिवतापाचे मात्र कोणी साल सांगू शकत नाही. ‘तिकडचे पाणी लागते’ एवढ्यावरच अनेक वसाहती मोडल्या.

वर्गात सांगण्याजोगी एक सावधगिरी अशी की, नकाशावर उजाड दिसणारी प्रत्येक जागा उजाड झालेले गाव असेलच असे नाही. भिल्ल आणि पावरा यांचे पाडे विरळ असतात. घरातील मृत्यूमुळे, झरा आटल्यामुळे किंवा नवे शेत काढल्यामुळे झोपडी पलीकडच्या टेकाडावर जाते. मोजणीदार येईल त्या वर्षी पाडा जेथे असेल तेथेच तो कायम राहावा अशी अपेक्षा कागदाची असते, डोंगराची नसते.

प्रश्न : नर्मदेच्या धरणात गेलेल्या आमच्या भागातील गावांनाही ओस पडलेली गावे म्हणावे काय? (एक वाचक, तळोदा)

उत्तर : म्हणू नये. सरदार सरोवराच्या बुडिताखाली अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे आली. मणिबेली हे त्यांपैकी धरणाच्या सर्वांत जवळचे गाव, आणि १९९३ च्या पावसाळ्यात तेथील घरांत पाणी शिरले. तेथील लोकांना त्यांच्या झऱ्याने, जमिनीने किंवा रोगाने बाहेर काढलेले नाही. नर्मदा जलविवाद लवादाच्या १९७९ च्या निवाड्याने आखलेल्या प्रकल्पाने त्यांना बाहेर काढले, आणि त्यांतील पुष्कळ कुटुंबे तळोद्याच्या सपाटीवरील वसाहतींत आली. १९७२ साली पूर्ण झालेल्या उकाई धरणाच्या फुगवट्याखाली तापीकाठची जी गावे गेली, त्यांचेही तेच. ओस पडलेले आणि ओस पाडलेले यांत फरक ठेवला नाही, तर जबाबदारी कोणाची हा प्रश्नच पुसला जातो. शिवाय बुडितातील काही कुटुंबे डोंगरावर वर सरकून मूळ गावाच्या हद्दीतच राहिली आहेत. त्यांच्या मुलांसाठी नर्मदा बचाओ आंदोलनाने सुरू केलेल्या जीवनशाळा चालतात. त्या गावांना उजाड म्हणणे वस्तुस्थितीलाही धरून होणार नाही.

प्रश्न : धडगाव भागात मी नोकरीनिमित्त फिरतो. दिवाळी झाली की पाड्यातील निम्मी घरे कुडाला काट्या लावून बंद असतात आणि म्हातारी माणसे तेवढी दिसतात. सातपुड्यातील गावेही सातमाळ्यासारखी ओस पडणार काय? (एक वाचक, शहादा)

उत्तर : आपण पाहिले ते खरे आहे, पण त्यावरून काढलेला अंदाज आकडे मान्य करत नाहीत. नंदुरबार जिल्ह्याची लोकसंख्या २००१ साली सुमारे १३ लाख १२ हजार होती, ती २०११ साली १६ लाख ४८ हजारांवर गेली. दहा वर्षांत चौथ्या हिश्श्याने वाढ झाली. याच दशकात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांची लोकसंख्या प्रत्यक्ष घटली. कोकणातील घर बंद होते तेव्हा कुटुंब मुंबईत स्थिरावलेले असते आणि गणपतीला येते. सातपुड्यातील घर बंद होते तेव्हा कुटुंब उसाच्या फडात पालाखाली असते आणि होळीला किंवा पावसाच्या तोंडाशी परत येते, कारण खाली त्याला राहायला जागाच नाही. आमच्या मते सातपुड्याचे दुखणे माणसे कमी होण्याचे नाही. माणसे वाढत आहेत, उताराची जमीन तेवढीच आहे, आणि तिच्यावर एका पावसात येणारे पीक वर्षभर पुरत नाही, हे ते दुखणे आहे.

मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जाण्याचा रस्ता सातपुड्यातून मुख्यतः दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांकडे जातो, तर चाळीसगाव भागातील तांड्यांवरून तो पश्चिम महाराष्ट्राकडे जातो. उचल आधी खर्च झालेली असते, त्यामुळे हंगाम संपेपर्यंत मध्येच परतणे शक्य नसते. मुले बरोबर गेली की शाळा सुटते. गावी राहणाऱ्या मुलांसाठी शासनाची हंगामी वसतिगृहाची योजना आहे, पण म्हाताऱ्या आजीवर चार नातवंडे सोडून जाणाऱ्या आईला ती वेळेवर सुरू झाली तरच उपयोगाची. डिसेंबरात उघडलेल्या वसतिगृहाला दिवाळीत गेलेले मूल सापडत नाही.

माणसे वर्षभर गावात राहू शकतात काय, या आपल्या प्रश्नामागच्या प्रश्नाला साक्री तालुक्यातील बारीपाड्याने उत्तर दिलेले आहे. पश्चिम खानदेशच्या डोंगरातील या आदिवासी पाड्याने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून चारशेहून अधिक हेक्टर जंगल स्वतः राखले. कुऱ्हाडबंदी, चराईवर नियंत्रण, चोरट्या तोडीला दंड असे नियम गावानेच केले आणि गावानेच पाळायला लावले. उतारावर पाणी अडवले, विहिरींना पाणी आले, दुसरे पीक निघू लागले आणि मजुरीसाठी बाहेर पडणारी माणसे घटली. या कामाचे पुढारपण करणारे चैत्राम पवार यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. पुरस्काराची बातमी सर्वांनी वाचली. परंतु दंडाचे नियम आपल्याच भावकीवर वर्षानुवर्षे चालवणे हा त्यातील खरा अवघड भाग आहे आणि तो बातमीत मावत नाही. प्रत्येक पाड्याला असे जमेल असे आम्ही म्हणणार नाही, कारण जंगल राखायला आधी जंगल गावाच्या हाती असावे लागते. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक हक्काची वाट उघडली आहे. आपण त्या भागात फिरत असल्यास कोणत्या पाड्यांचे सामूहिक दावे मंजूर झाले आणि त्या पाड्यांतील किती घरे दिवाळीनंतर उघडी असतात, एवढे दोन रकाने नोंदवून ठेवावेत. त्याचा उपयोग आमच्या अंदाजापेक्षा अधिक होईल.

प्रश्न : बेचिराख गावातील आमच्या शेतजमिनीचा सातबारा पणजोबांच्याच नावावर आहे. गाव राहिले नाही म्हणून जमीन सरकारजमा होते काय? घराच्या जागेचे काय? तेथील देवाला नारळ फोडायला जायचे तर कोणाची परवानगी लागते? (एक वाचक, एरंडोल)

उत्तर : गावात वस्ती नाही एवढ्याच कारणाने शेतजमिनीवरील हक्क जात नाही. वारस नोंद करून घेतलेली नाही ही आपली खरी अडचण आहे. सर्व वारसांची नावे, मृत्यूचे दाखले आणि वंशावळ घेऊन संबंधित तलाठ्याकडे अर्ज करावा; त्या सजाचे तलाठी कार्यालय शेजारच्या वस्तीच्या गावी असते. चार पिढ्यांची नोंद राहिली असल्यास वारसांची संख्या मोठी असणार, म्हणून अर्जाआधी भाऊबंदांनी एकत्र बसावे. मध्यंतरी जमीन वनखात्याकडे किंवा एखाद्या प्रकल्पासाठी गेली आहे काय, हे जुन्या फेरफारांवरून आधी तपासावे. गावठाणातील घराच्या जागेचा प्रश्न वेगळा आहे. तेथे सातबारा नसतो, आणि जुना कागद किंवा घरपट्टीची पावती नसेल तर नुसत्या चौथऱ्यावरून हक्क सिद्ध करणे कठीण जाते. देवळापर्यंतची वाट अभयारण्यातून जात असल्यास वनपरिक्षेत्र कार्यालयात आधी विचारावे, सूर्यास्ताच्या आत बाहेर यावे आणि उन्हाळ्यात देवापुढे दिवा लावलाच तर तो विझवूनच निघावे; सातमाळ्यातील वाळलेल्या गवताला एक ठिणगी पुरते.